जॉट म्हणजे काय रे भाऊ?

तर झालं असं, की मागच्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या कोडमध्ये एक ओळ वाढवली. बदलली नाही, उडवली नाही, फक्त वाढवली. टेस्ट हिरव्या आल्या, कोड चढवला, बॅग उचलली आणि घरी आलो. शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजायला लागला तो रात्रीपर्यंत वाजतच होता.

प्रोग्रामिंगशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, दोनच मिनिटं धीर धरा. 'गो' नावाची एक भाषा आहे, गूगलने २००९ साली जगासमोर आणलेली. आमचं बरंचसं काम त्यात चालतं. या भाषेत 'आयोटा' नावाची एक सोय आहे. आपण एक यादी लिहायची, पहिल्या नावासमोर आयोटा लिहायचं, की त्याला शून्य, पुढच्याला एक, त्याच्या पुढच्याला दोन असे क्रमांक आपोआप मिळत जातात. हाताने आकडे लिहायची कटकट नाही. आमच्याकडे ऑर्डरच्या अवस्थांची अशी यादी होती. नवीन, पैसे मिळाले, पाठवलं, पोचलं, रद्द. म्हणजे शून्य ते चार. डेटाबेसमध्ये नाव जात नाही, फक्त आकडा जातो.

मी 'पैसे मिळाले' आणि 'पाठवलं' यांच्या मधे 'पॅक झालं' अशी नवी अवस्था घुसवली. क्रमाने तिथेच यायला हवी ना! वाचायला किती छान दिसत होतं.

जाणकारांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. मधे एक ओळ आली, की तिच्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकाने सरकतात. डेटाबेसमधले जुने आकडे मात्र जागेवरच. त्यामुळे ज्यांच्या वस्तू वाटेत होत्या त्या परत 'पॅक झालं'वर आल्या, ज्यांच्या पोचल्या होत्या त्या परत वाटेला लागल्या, आणि ज्यांनी ऑर्डर रद्द केली होती त्या सगळ्यांच्या वस्तू 'पोचल्या'. रद्द ऑर्डरींचे परत द्यायचे पैसे अडकले. शिवाय पहाटे एक जॉब चालतो, तो वस्तू पोचलेल्या लोकांना 'कशी वाटली? तारे द्या!' असा निरोप पाठवतो. त्याने इमानेइतबारे आपलं काम केलं.

बहुतेकांनी शिव्या दिल्या. त्याचं काही नाही, शिव्यांची सवय असते. पण एका बाईंनी उत्तर पाठवलं होतं, की ही व्हीलचेअर मी रद्द केली होती, कारण ज्यांच्यासाठी मागवली होती ते आता नाहीत, आणि तुम्ही मला विचारताय कशी वाटली.

हे उत्तर कस्टमर केअरने ग्रुपवर टाकलं. त्यावर कोणीच काही लिहिलं नाही. मी तर नाहीच.

बदल मागे घेऊन गोष्टी जागेवर यायला रविवार उजाडला. सोमवारी मी बुवांना फोन केला. बुवा म्हणजे आमचे जुने सीनियर. हे सगळं मूळ कोड त्यांचंच, आणि चार महिन्यांपूर्वी ते दुसरीकडे गेले. जाताना त्यांनी मला तासभर बसवून सगळं समजावलं होतं, ऑनलाइन, रेकॉर्डिंग लावून. मी सगळी कथा सांगितली. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले,

"अरे, मी तुला सांगितलं होतं की! आयोटाच्या यादीत मधे घुसायचं नाही, जे काय असेल ते शेवटी जोडायचं. लिहून नाही घेतलंस?"

"बुवा, रेकॉर्डिंग चालू होतं ना."

"मग रेकॉर्डिंगने घेतलं असेल. तू घेतलंस का? नुसतं जॉट डाऊन करायचं रे, तीन शब्दांचं तर काम."

फोन ठेवला आणि ते रेकॉर्डिंग शोधलं. खरंच होतं. हल्ली अशा मीटिंगमध्ये एक अदृश्य कारकून बसलेला असतो, तो बोललेलं सगळं उतरवून घेतो आणि शेवटी सारांश काढून मेल करतो. सारांशात बुवांच्या त्या वाक्याची जागा 'ऑर्डरच्या अवस्था हाताळण्याच्या चांगल्या पद्धतींवर चर्चा झाली' एवढ्या एका ओळीने घेतली होती. आणि पूर्ण उताऱ्यात, सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, 'आयोटा'चं 'कोटा' झालं होतं. बुवा मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवतात, त्यामुळे बिचाऱ्या कारकुनाला तरी किती दोष देणार! म्हणजे मी 'आयोटा' टाकून शोधलं असतं तरी मिळालं नसतं.

त्या रात्री झोप येत नव्हती, म्हणून 'जॉट' या शब्दाचा अर्थ बघायला गेलो. माहीत होता की, भराभर थोडक्यात लिहून ठेवणे. पण आला कुठून? इंग्रजीत असे एका अवयवाचे शब्द खूप असतात, जॉट, डॉट, ब्लॉट. मला वाटलं असेल असाच कुठला तरी टपकन पडल्यासारखा आवाज.

व्युत्पत्ती वाचली आणि उठून बसलो. जॉट म्हणजे आयोटाच.

अक्षरशः. आयोटा हे ग्रीक वर्णमालेतलं सगळ्यात लहान अक्षर. एक उभी रेघ, बस्स. इंग्रजी 'आय' त्याच्याचपासून आलेलं, पण ग्रीक आयोटाच्या डोक्यावर टिंबसुद्धा नाही. ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत. आता 'आय'चा 'जे' कसा झाला? तर लॅटिनमध्ये आय आणि जे ही दोन अक्षरं नव्हतीच, एकच होतं. जे हा आयचा शेपटी लांबवलेला भाऊ, आणि दोघांच्या वाटण्या इंग्रजीत पक्क्या व्हायला सतरावं शतक उजाडलं.

इंग्रजीत हा शब्द प्रसिद्ध केला तो विल्यम टिंडेलने. १५२६ साली त्याने बायबलच्या नव्या कराराचं ग्रीकवरून केलेलं इंग्रजी भाषांतर जर्मनीत, वॉर्म्स गावी छापून आणलं, कारण इंग्लंडमध्ये छापणं शक्य नव्हतं. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत धर्मग्रंथ आणणं हा गुन्हा होता. (आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल.) १५३६ साली त्याला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, की नियमशास्त्रातला बारीकातला बारीक फाटाही गळणार नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'आयोटा' आहे. टिंडेलने त्याचं इंग्रजीत 'जॉट' केलं, त्याच्या छापील पानावर ते आयनेच सुरू होतं. जोडीला 'टिटल' हा शब्द ठेवला, म्हणजे अक्षरावरचं टिंब किंवा बारीकसा फराटा. पुढे १६११ च्या किंग जेम्स बायबलनेही ही जोडी तशीच ठेवली आणि ती इंग्रजीत कायमची बसली. मराठीत आपण म्हणतो ना, 'काना-मात्रेचाही फरक नाही', अगदी तेच.

म्हणजे सुरुवातीला जॉट हे नाम होतं आणि त्याचा लिहिण्याच्या क्रियेशी काही संबंध नव्हता. अर्थ एवढाच, कणभर. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉक करारावर बोट ठेवून अँटोनिओच्या अंगाचं एक पौंड मांस मागतो. वकिलाचं सोंग घेतलेली पोर्शिया म्हणते, घे की, पण करारात मांस लिहिलंय, रक्ताचा एक 'जॉट'ही लिहिलेला नाही. माझ्या मते पोर्शिया ही जगातली पहिली बिझनेस ॲनालिस्ट. रिक्वायरमेंटचा कागद असा वाचता आला पाहिजे.

क्रियापद व्हायला अजून बराच काळ गेला. 'जॉट करणे', म्हणजे घाईघाईत थोडक्यात लिहिणे, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतं. आजही स्कॉटलंडमध्ये शाळेच्या वहीला 'जॉटर' म्हणतात. आणि तिथे एखाद्याला 'जॉटर्स मिळाली' म्हणजे नोकरीवरून काढलं! शनिवारी दुपारी हे माहीत असतं तर मीही माझी जॉटर्स आणायला गेलो असतो.

पण खरी मजा याच्याही मागे आहे. ग्रीकांनी अक्षरं घेतली फिनिशियन लोकांकडून. तिथे या अक्षराचं नाव 'योद'. हिब्रूतही ते योदच, आणि तिथेही वर्णमालेतलं सगळ्यात चिमुकलं. येशूच्या मनात हेच अक्षर असणार असं अभ्यासक मानतात. आणि योद या नावाचा अर्थ? हात. फार पूर्वी ते चिन्ह हाताचं चित्र होतं. झिजत झिजत त्याची एक रेघ उरली. आजही हिब्रूत 'याद' म्हणजे हात. सिनेगॉगमध्ये तोराची गुंडाळी वाचताना चर्मपत्राला बोट लावायचं नसतं, म्हणून एक काठी वापरतात, तिच्या टोकाला बोट दाखवणारा छोटासा हात असतो. तिलाही 'याद'च म्हणतात.

हात झिजून रेघ झाली, रेघेचा अर्थ कणभर झाला, आणि कणभरवरून पुन्हा हाताने लिहिणं. मी तर रात्री दीड वाजता एकटाच वा वा म्हणालो.

प्रोग्रामिंगच्या भाषांत आयोटा आला त्याचीही एक वेगळी गंमत आहे. केनेथ आयव्हर्सन नावाच्या गणितज्ञाने १९६२ साली एक पुस्तक लिहिलं, त्यातून एपीएल ही भाषा जन्मली. ती चिन्हांनी इतकी भरलेली, की बघून एखादं यंत्र सिद्ध करण्याचा विधी चाललाय असं वाटावं. त्यात एकापासून क्रमाने आकडे काढण्यासाठी त्याने ग्रीक आयोटा वापरला. मग सी प्लस प्लसवाल्यांनी तेच नाव उचललं, २०११ च्या प्रमाणित आवृत्तीत ते अधिकृत झालं, आणि गोमध्येही तेच आहे. म्हणजे मी ज्या शब्दावर आपटलो आणि जे न केल्यामुळे आपटलो, ते दोन्ही शब्द एकाच अक्षराची पोरं. आयोटा जॉट केला नाही!

एका आयोटाने घोळ होण्याची ही पहिली वेळ नव्हे. ३२५ साली निकिया इथे (आताच्या तुर्कस्तानातलं इझनिक) ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद भरली. पुत्र आणि पिता हे एकाच तत्त्वाचे की नाही, हा वाद. परिषदेने 'होमोऊसिऑस' म्हणजे 'त्याच तत्त्वाचा' हा शब्द ठरवला. पुढच्या काही दशकांत एक गट म्हणू लागला, की 'होमॉइऊसिऑस' म्हणा, म्हणजे 'तशाच तत्त्वाचा'. ग्रीकमध्ये फरक एका आयोटाचा. त्यावरून बिशप पदावरून गेले, हद्दपार झाले. पुढे लोकांनी थट्टा केली, की एका अक्षरासाठी एवढं? मला नाही ही थट्टा पटत. एक रेघ इकडची तिकडे झाली की काय होतं ते मी पाहिलंय.

आता माझा मुद्दा. त्या सोमवारनंतर मी टीममध्ये म्हटलं, की हँडओव्हरला माणसाने स्वतः टिपणं काढावीत. त्यावर आमचा लीड म्हणाला, "अरे, आता ते कोण करतं? सगळं रेकॉर्ड होतं की." त्याचं अगदीच चूक नाही. जो मीटिंगला नव्हता त्याला उतारा मिळतो, कोणी 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणू शकत नाही, आणि ज्याला बोलणं भराभर समजत नाही त्याला नंतर निवांत वाचता येतं. हे फायदे खरे आहेत. पण ते टिपण नव्हे. ते लघुलेखन आहे. १८३७ साली आयझॅक पिटमनने आपली शॉर्टहँडची पद्धत छापली, तिचा सगळा खटाटोप एकही शब्द सुटू नये म्हणून. कोर्टात, विधानसभेत ते हवंच. स्टेनोकडून आपण मत मागत नाही. जॉट करणं याच्या बरोबर उलटं. तासभराच्या बोलण्यातून कणभर उचलायचं आणि बाकीचं जाऊ द्यायचं. काय जाऊ द्यायचं हे ठरवायला बोलणं समजावं लागतं, तिथल्या तिथे. मी त्या तासभरात मान हलवत होतो, कारण सगळं कुठेतरी साठतंय याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो.

'म्हणजे हाताने लिहिलं की लक्षात राहतं, असा शोध लागलाय' असं कोणी म्हणेल. २०१४ साली म्युलर आणि ओपेनहायमर या दोघांचा तसा एक प्रयोग फार गाजला, लॅपटॉपवर लिहिणारे विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवतात आणि कागदावर लिहिणाऱ्यांना विषय जास्त समजतो, असा. पण २०२१ साली दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा शब्दन् शब्द उतरवण्याचा भाग तसाच आला, परीक्षेतला फरक काही नीट दिसला नाही. त्यामुळे मी कागद-पेनाची पोथी वाचणार नाही. मोबाइलवर टिपा हवं तर. माझं म्हणणं एवढंच, की निवड तुमची हवी. सारांश काढणाऱ्या यंत्राला कुठून कळणार, की मी तोच माणूस आहे जो चार महिन्यांनी त्या यादीत हात घालणार आहे?

या बाबतीत मला आपला मराठी शब्द इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. (भाषाभिमान म्हणा.) जॉट हा शब्द बघतो कागदावर काय उरलं ते, एक बारीकशी खूण. 'टिपणे' बघतो ते उचललं कसं ते. चिमणी दाणा टिपते. सगळं अंगण तोंडात घेत नाही, खडे, काड्या, कचरा सोडून नेमका दाणा. नेमबाज टिपतो तेही तसंच, एकावर डोळा ठेवून. डोळ्यांतलं पाणी टिपतात, शाईचा डाग टिपकागदाने टिपतात, तिथे ओल वाळायच्या आत हात पोचावा लागतो. या सगळ्यातलं थोडं थोडं टिपण काढण्यात असतंच. आणि शाळेतल्या बाई पाठ घ्यायच्या आधी जे काढायच्या ते 'टाचण'! सुटू नये म्हणून टाचणी मारल्यासारखं.

माझे बाबा बँकेत होते. ते पाठकोरे कागद चौकोनी कापून, कोपऱ्यात दोरा ओवून खिशात ठेवायचे. मला लहानपणी त्याची लाज वाटायची, एवढा पगार आहे तर एक डायरी घ्यायला काय होतं? त्यावरची बाबांची टिपणं दुसऱ्या कोणाला कळायचीच नाहीत. 'जोशी – बुध – सही'. तीन शब्द. कोण जोशी, कुठला बुधवार, कसली सही हे फक्त त्यांना माहीत. तेव्हा मला तो अर्धवटपणा वाटायचा. आता वाटतं, बाकीचं त्यांच्या डोक्यात होतं म्हणून तर तीन शब्दांत भागत होतं. बुवांनीही बरोबर तीनच शब्द सांगितले. 'आयोटा – शेवटी जोडणे'. मोजून बघा.

त्या बाईंना मी पत्र लिहिलं. मेल नव्हे, कारण आमच्या मेलच्या खाली आपोआप 'तारे द्या'ची पट्टी येते. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं म्हणून कस्टमर केअरमधल्या एका मैत्रिणीने आपल्या हाताने ते पाठवलं. उत्तर आलं नाही, यावंसंही वाटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीला मी एक मॉड्यूल समजावत होतो. रेकॉर्डिंग चालू होतंच. मी म्हटलं, तरीही थोडं लिहून घे. ती म्हणाली, "सर, काय लिहू?" म्हटलं, ते मी नाही सांगणार. शेवटी कुतूहल वाटून तिचा कागद बघितला. तासाभरात एकच ओळ होती. 'कॅश – रविवार??'

रविवारबद्दल मी काय बोललो होतो ते मलाच आठवेना. तिने सांगितलं तेव्हा आठवलं. दर रविवारी रात्री कोणीतरी हाताने कॅश रिकामी करतं असं मी ओघात म्हणालो होतो, आणि तिला प्रश्न पडला होता, की कोण करतं? मी बघायला गेलो. बुवा करायचे. चार महिने कोणीच करत नव्हतं.